गिनीपिगच्या जबड्याखालची गाठ बसते आणि परत येते, तेव्हा

आमच्या बुंदीच्या जबड्याखाली पहिली गाठ सापडली ती होळीच्या सुमारास. थोरली लेक तिला मांडीवर घेऊन कुरवाळत होती आणि एकदम थांबली. "आई, हिच्या गळ्यात गोटीसारखं लागते काहीतरी." मी बोट फिरवून पाहिलं. चिंचोक्याएवढी गाठ, कातडीखाली, दाबली की जराशी सरकणारी. आठ दिवसांत ती बोराएवढी झाली, मग आपोआप फुटली, घाण वासाचा पू आला, खपली धरली. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तीन आठवड्यांनी त्याच जागी परत गाठ. तीही फुटली, तीही बसली. ऐन मे महिन्यात तिसऱ्यांदा.

मूर्तिजापूर तालुक्यातलं आमचं गाव. इथं बैल, गाय, बकरी यांचं दुखणं सांगायला शंभर माणसं भेटतात. गिनीपिगचं सांगणारं कोणी नाही. शेजारपाजारचे त्याला विलायती उंदीर म्हणतात आणि त्यासाठी आम्ही दवाखान्यात जातो याचं त्यांना नवल वाटतं. पण लेकरांनी जीव लावलेला असतो, आणि दुखणारा जीव किलोभराचा असला तरी त्याचं दुखणं किलोभराचं नसतं. म्हणून ही गाठ परत परत का येते, तिला काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे सगळं एका जागी लिहून ठेवत आहे.

आधी गाठ आहे की नाही ते पाहा

हे विचित्र वाटेल, पण नवख्या माणसाला जिथं गाठ वाटते तिथं पुष्कळदा गाठ नसते. गिनीपिगला शेपूट नसते, पण शेपूट असायची त्या जागेच्या जरा वर एक तेलग्रंथी असते. नरांमध्ये ती मोठी, चिकट आणि पिवळट काळपट होते. केस तिथं गुंतून कडक गोळा झाला की माणूस घाबरतो. थोडं खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी कोमट पाण्यानं हलक्या हातानं पुसलं की झालं. नराची वृषणं अंगाच्या मानानं बरीच मोठी असतात आणि ती पोटात ओढून घेतो, परत सोडतो. "काल नव्हती, आज दोन गाठी आल्या" असं म्हणत एकानं मला त्याचा नर दाखवायला आणला होता. पोटाखाली मागच्या बाजूला दोन स्तनाग्रं असतात, मादीला आणि नरालाही. दोनच, कमी जास्त नाहीत. तीही गाठ नव्हे.

गालाचं मात्र उलट. हॅमस्टर गालात दाणे साठवतो, गिनीपिगच्या गालाला तशी पिशवी नसते. म्हणून गाल फुगलेला दिसला तर "खाणं भरलं असेल" म्हणून सोडून देऊ नका. ती सूज आहे.

खरी गाठ असेल तर जागा बघायची. जबड्याखाली किंवा मानेला, बोटाला गरम लागणारी, दिवसागणिक वाढणारी, हात लावला की जनावर चिरकतं, अशी असेल तर बहुतेक गळू. जबड्याच्या हाडालाच चिकटलेली, दगडासारखी कडक, आणि सोबत लाळ गळते, गवत तोंडात घेऊन परत टाकते, तर दाताच्या मुळाशी पू झालेला असू शकतो. गिनीपिगचे सगळे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळे हे दुखणं एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. पाठीवर, कमरेच्या वर, न दुखणारी, महिनोन्महिने तशीच, कधीतरी फुटून राखट चिकट पदार्थ बाहेर येणारी गाठ असेल तर ती केसांच्या मुळांची साधी गाठ असते. ती जीवावर येत नाही, पण पिशवी आत राहिली तर तीही परत भरते. पोटाशी मऊ, लोण्यासारखी सरकणारी असेल तर चरबीची. स्तनाग्राजवळ कडक गाठ आली तर वेळ घालवायचा नाही, नर असला तरी नाही, कारण गिनीपिगच्या नरालाही स्तनाचा कर्करोग होतो. आणि जबड्याखाली, काखेत, मागच्या मांडीच्या सांध्यात अशा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गाठी लागल्या तर ते रक्ताचं, लसिकाग्रंथींचं (लिम्फ नोडचं) दुखणं असू शकतं. तिथं घरगुती काहीच चालत नाही.

हे सगळं बोटानं ओळखायचं ते अंदाजापुरतं. पक्कं कळतं ते डॉक्टरांनी बारीक सुईनं थोडा अंश काढून पाहिल्यावर. पू आला तर गळू, पेशी आल्या तर त्या तपासायला पाठवायच्या.

पिळू नका

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पिळून टाक ना वं, पू निघाला की बसते." माणसाच्या केसतुडीला आपण तेच करतो, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं मी म्हणत नाही. पण गिनीपिगचा पू माणसासारखा पातळ नसतो. तो घट्ट असतो, थिजलेल्या तुपासारखा, कधी खव्यासारखा, आणि त्याच्याभोवती जाड पिशवी तयार झालेली असते. वरून दाबलं तर तो बाहेर येण्यापेक्षा आतल्या बाजूला पिशवी फुटण्याची भीती जास्त. मग जंतू रक्तात जातात आणि दोन दिवसांत जनावर जातं.

जबड्याखालच्या गळवात बहुतेक वेळा सापडणारा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस. काही गिनीपिगच्या नाकातोंडात तो मुकाट असतो, त्रास देत नाही. तोंडात आतून ओरखडा पडला, कुसळ रुतलं, की तिथून आत शिरतो आणि जबड्याखालच्या लसिकाग्रंथीत ठाण मांडतो. ग्रंथी सुजते, पू धरते. हा जंतू क्वचित माणसालाही लागतो. म्हणून पू लेकरांनी साफ करायचा नाही, मोठ्यांनी करायचा, हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. फुटलेली गाठ असेल तर जोडीदाराला वेगळं ठेवा, पण एकमेकांचा आवाज आणि वास येईल इतकं जवळ. एकटं पडलं की गिनीपिग खाणं सोडतं.

हळद, चुना, जर्दा, टर्पेंटाइन, फिनाईल, सीताफळाच्या पाल्याचा रस, यातलं काहीही लावू नका. बैलाच्या जखमेत किडे पडले तर आपल्याकडे यातलं बरंच वापरतात. बैल चारशे किलोचा, हे एक किलोचं, आणि हे अंग चाटतं. हळदीचा लेप निरुपद्रवी वाटतो, पण तो वाळून जखमेचं तोंड बंद करतो. तोंड बंद झालं की पू आत कोंडतो. आमची दुसरी गाठ बसली असं वाटलं ना, ती अशीच बसली होती.

बकरीचं इंजेक्शन आणि लेकराचं सिरप

हा भाग मला सगळ्यात आधी लिहायचा होता. बुंदीच्या आधी आमच्याकडे चिकू होता. त्याला मानेवर गळू आलं. घरात धाकट्या पोराच्या खोकल्याचं अमॉक्सिसिलिनचं अर्ध सिरप उरलं होतं. मी स्वतः हिशेब करून दोन थेंब, दोन थेंब सकाळ-संध्याकाळ दिले. तिसऱ्या दिवशी त्यानं खाणं सोडलं, पातळ जुलाब लागले, अंग थंड पडलं. चौथ्या दिवशी पहाटे गेला. गळू तसंच होतं, त्यानं तो गेला नव्हता. मी दिलेल्या औषधानं गेला. हे लिहायला जड जातं, पण दुसऱ्या कुणाच्या घरात तसं होऊ नये.

कारण असं: गिनीपिगचं पचन मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंवर चालतं. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधं तेच जंतू मारून टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा विषारी जंतू माजतो आणि त्याच्या विषानं जनावर तीन ते सात दिवसांत जातं. पेनिसिलिन गिनीपिगला घातक आहे हे १९४३ सालीच प्रयोगात दिसलं होतं. १९४० साली ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी या शास्त्रज्ञानं पेनिसिलिनची पहिली महत्त्वाची चाचणी उंदरांवर केली. ती गिनीपिगवर केली असती तर पेनिसिलिनकडे कदाचित विष म्हणून पाहिलं गेलं असतं.

तेव्हा ही नावं चिठ्ठीवर लिहून पिंजऱ्यावर चिकटवा: पेनिसिलिन, स्ट्रेप्टोपेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिक्लॅव्ह, सेफॅलेक्सिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन. यातलं काहीही द्यायचं नाही. खेड्यातल्या गुरांच्या दवाखान्यात सगळ्यात सहज मिळणारं इंजेक्शन स्ट्रेप्टोपेनिसिलिनच असतं. गाईला, बकरीला ते चांगलं. गिनीपिगला त्यातलं पेनिसिलिनही नको आणि स्ट्रेप्टोमायसिनही नको. कुणी मदतीच्या भावनेनं टोचायला निघालं तर हात धरा आणि विचारा, "डॉक्टर, यात पेनिसिलिन आहे का?" विचारल्याचा कुणाला राग येत नाही.

गिनीपिगला सहसा चालणारी औषधं म्हणजे एनरोफ्लॉक्सासिन आणि सल्फा-ट्रायमेथोप्रिम. दुखणं कमी करायला मेलॉक्सिकॅम. नावं एवढ्यासाठी दिली की डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला ओळखू यावीत. मात्रा वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. लेकरांच्या सिरपवरून हिशेब करायचा नाही. मी केला होता.

डॉक्टरांकडे नेताना

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बुंदीला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, मी असं जनावर कधी कापलं नाही. अंदाजानं हात लावणार नाही, तुम्ही अकोल्याला न्या." मला त्यांचा फार आदर वाटला. आपल्याला येत नाही हे सांगणारा डॉक्टर भेटणं हे नशीब आहे. आपल्या भागात अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि दोन्ही शहरांत कुत्र्यामांजरांचे खासगी दवाखाने आहेत. निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारायचा: ससा किंवा गिनीपिगला भूल देऊन गळू काढता का? ससा बघणाऱ्या डॉक्टरांना गिनीपिगही बहुधा जमतो, कारण औषधांचा धोका दोघांनाही जवळपास सारखाच आहे.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो. गिनीपिग मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि उष्माघात झाला तर तासाभरात जातं. आम्ही पहाटेची पहिली एसटी धरली. भोकं पाडलेली प्लॅस्टिकची टोपली, तळाला सुती लुगड्याची घडी, एका बाजूला बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, वरून ओला पंचा. सोबत काकडीचे तुकडे, म्हणजे पाणी पोटात जात राहतं. बुंदीची जोडीदारीण बर्फी, तिलाही बरोबर नेलं. दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या आणि गाडी खड्ड्यात गेली की दोघीही एकदम "व्हीक" करायच्या.

एक गोष्ट डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. कुत्र्यामांजराला भूल द्यायची तर रात्रभर उपाशी ठेवतात. गिनीपिगला तसं ठेवायचं नसतं. ते ओकूच शकत नाही, आणि उपाशी राहिलं की त्याचं आतडं थांबतं. आतडं थांबणं हे गाठीपेक्षा मोठं संकट. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीही गवत समोर हवं, आणि शुद्धीवर आल्यावर तासाभरात खायला लागलं पाहिजे.

कातडीखाली काय होतं

डॉक्टरांनी मला जवळ उभं राहू दिलं. जबड्याखालचे केस काढले तेव्हा कातडी गुलाबी, ताणलेली, मधोमध जांभळट. चिरा दिल्यावर पू वाहिला नाही, चमच्यानं काढावा लागला. पांढुरका, घट्ट, वास असा की नाकाला पदर लावावा लागला. सलाइननं तीनदा धुतलं. मग डॉक्टरांनी चिमट्यानं पिशवीच्या तळातून काहीतरी ओढलं आणि पांढऱ्या कापसावर ठेवलं. अर्ध्या बोटाच्या पेराएवढं, काळपट झालेलं कुसळ. एका बाजूनं अजूनही खरखरीत. बोट एका दिशेनं फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर करवतीसारखं. म्हणून ते आत सरकत जातं आणि बाहेर येत नाही.

तीन वेळा पू गेला, कुसळ तिथंच होतं. मग गाठ परत येणार नाही तर काय होईल.

मला तेव्हा होळी आठवली. गहू नुकता निघाला होता. वावरातून बंडीभर गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, आणून कोठ्यात (गोठ्यात) टाकला होता आणि त्यातलाच मी पिंजऱ्यात अंथरायची, वर तोच थोडा खायलाही. गव्हाच्या ओंबीचं कुसळ गुरांच्या खरखरीत जिभेला चालून जातं. गिनीपिगच्या गालाच्या आतली कातडी ओल्या कागदासारखी.

म्हणून गाठ परत येत असेल तर गाठीकडे नंतर बघा, आधी चाऱ्यात हात घाला. गव्हांडा नको. सोयाबीनचं कुटार (भुसा) तर अजिबात नको, त्याच्या शेंगांची टोकं सुईसारखी असतात. तुरीच्या कुटारात काड्या. माळावरचं कुसळी गवत दिवाळीनंतर जेव्हा सोनेरी दिसतं, तेव्हा त्याची कुसळं अंगात शिरायला तयार असतात, ते आणूच नका. त्यापेक्षा हरळी, मारवेल, पवना असं मऊ गवत बी धरायच्या आधी कापा, सावलीत वाळवा. सावलीत वाळवलं तर हिरवटपणा आणि वास राहतो, उन्हात वाळवलं तर नुसती काडी. आमच्या पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाकडे, धानाची तणस (भाताचा पेंढा) मिळते. अंथरायला ती त्यातल्या त्यात मऊ, पण ओंब्या राहिल्या असतील तर झटकून घ्या. आणि धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत आणायचं असेल तर कपाशीवर आणि धुऱ्यावर फवारणी कधी झाली ते आधी विचारा. तणनाशक मारलेला धुरा दोन दिवस हिरवाच दिसतो.

अंथरायला मी आता जुनं सुती कापड दोन घड्या करून घालते, रोज बदलते, रिठ्याच्या पाण्यात धुते. घरात नऊवारी लुगडी होती, ती अशी कामी आली.

कुसळ नाही सापडलं तरी परत येण्याची कारणं असतात. पिशवी पूर्ण काढली नसेल तर तिचं अस्तर परत पू करतं. जमेल तिथं डॉक्टर पिशवीसकट गाठ काढतात, तेच उत्तम, पण मानेत रक्तवाहिन्या जवळ असतात म्हणून प्रत्येक वेळी जमत नाही. दोन नर एकत्र असतील तर चावाचावी होते आणि कमरेवर, पाठीवर गळवं येत राहतात. त्यांना वेगळं करणं हाच उपाय. पिंजऱ्याच्या जाळीची तारेची टोकं आत वळली असतील तर तेही बघा. आणि मूळ दाताचं असेल तर गाठ कितीदाही कापा, दात राहिला तर ती येणारच.

घरी आणल्यावरचे दहा दिवस

इथं माणसं चुकतात, आणि चूक चांगल्या हेतूनं होते. जखम लवकर भरावी असं आपल्याला वाटतं. गळवाच्या जखमेला मात्र सावकाश भरू द्यायचं, तळापासून वर. वरून कातडी आधी जुळली की खाली पोकळी उरते आणि तीन आठवड्यांत तीच गाठ परत. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत म्हणून मी घाबरले होते. त्यांनी मुद्दाम घातले नव्हते.

रोज दोनदा धुणं. मेडिकलमधून नॉर्मल सलाइनची बाटली आणि सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, रोज ताजं. कोमट करून सिरिंजचं टोक जखमेच्या तोंडाशी धरायचं आणि हळू सोडायचं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. खपली धरली असेल तर ओल्या कापसानं पाच मिनिटं भिजवून मग हलकेच उचलायची. डॉक्टरांनी पोव्हिडोन आयोडीन सांगितलं असेल तर ते पाण्यात इतकं मिसळायचं की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसेल. जास्त कडक झालं तर नवीन येणारं मांस जळतं.

धरायला दोन माणसं हवीत. लेक टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायची आणि कानाशी काहीतरी पुटपुटत राहायची, मी धुवायची. पहिले तीन दिवस बुंदी ओरडली. चौथ्या दिवशी सिरिंज पाहून स्वतःच मान वर करून बसली. हे सांगताना अजूनही माझा गळा दाटतो.

माश्यांपासून जपा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाला उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात किडे पडतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड सगळ्या बाजूंनी खोचा आणि पिंजरा गोठ्यापासून दूर घरात ठेवा. तरी किडे दिसलेच तर घरी काढत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे.

आणि खाणं. गिनीपिगनं बारा तास काही खाल्लं नाही तर ते काळजीचं, चोवीस तास म्हणजे जीवावरचं. खात नसेल तर गिनीपिगच्या गोळ्या मिळतात त्या कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा आणि सिरिंजनं गालाच्या बाजूनं थोडी थोडी द्या, सरळ घशात नाही. दही, दूध, बिस्किट नको. ते निव्वळ गवत खाणारं जनावर आहे.

जांब (पेरू), आवळा, सांबार (कोथिंबीर)

जखम भरायला कातडीला क जीवनसत्त्व लागतं आणि गिनीपिग ते स्वतःच्या अंगात तयार करू शकत नाही. गाय, बकरी, कुत्रा करू शकतात. माणूस आणि गिनीपिग नाही. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी १९०७ साली माणसाच्या स्कर्व्ही रोगाचा अभ्यास गिनीपिगवर केला तो याचमुळे जमला. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारात त्याहून थोडं जास्त. हिरव्या सिमला मिरचीचा पाव मिरचीएवढा तुकडा रोज, सोबत मूठभर सांबार, एवढ्यानं भागतं. जांबाची एक बारीक फोड, आवळ्याची नखाएवढी चकती अधूनमधून. आपल्याकडे संत्र्याचा हंगाम असला की मोह होतो, पण आंबट आणि गोड दोन्हीनं तोंडाचे कोपरे फाटतात आणि तिथूनच जंतू आत जातात. फोडीचा अर्धा भाग, तोही आठवड्यातून एकदा. क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यात टाकून ठेवू नका, उन्हाळ्यात काही तासांत त्याचा कस जातो.

क जीवनसत्त्व कमी पडलं की सांधेही सुजतात. गुडघ्याजवळची सूज गाठ समजून कापायला निघालेली माणसं असतात. लंगडत असेल, हिरड्या लाल असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

गाठ वयस्क जनावराला असेल तर

गिनीपिग साधारण पाच ते सात वर्षं जगतं. चार-पाच वर्षांच्या जनावराला गाठ आली आणि ती गळू नसून वाढ निघाली, तर प्रत्येक वेळी कापावंच असं नाही. पाठीवरची न दुखणारी गाठ, जनावर खातंय, खेळतंय, वजन टिकून आहे, तर डॉक्टरांशी बोलून नुसतं लक्ष ठेवता येतं. भूल हीच त्या वयात मोठी गोष्ट असते. वाईट गाठ पसरली असेल, खाणं सुटलं असेल, तर दुखणं कमी करत शेवटपर्यंत सांभाळणं किंवा डॉक्टरांकडून शांतपणे झोपवणं, दोन्ही वाटा मायेच्याच आहेत. लेकरांना खरं सांगा. चिकू गेला तेव्हा "तो पळाला" असं आम्ही धाकट्याला सांगितलं आणि तो आठ दिवस कोठ्यात शोधत राहिला.

परत येते का, ते कसं कळतं

दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर परातीत बसवून वजन. वहीत तारीख आणि ग्रॅम. हजार ग्रॅमच्या जनावराचं वजन शंभरनं घटलं की गाठ दिसो न दिसो, डॉक्टरांना फोन. मग दोन्ही हातांच्या बोटांनी जबड्याखाली, मानेला, काखेत, मांडीच्या आत, पोटाला, डाव्या-उजव्या बाजूचा मेळ घालत हात फिरवायचा. एक बाजू वेगळी लागली तर वहीत लिहायचं, किती मोठी ते धान्यावर: ज्वारी, तूर, हरभरा, चिंचोका. तुरीची हरभऱ्याएवढी झाली की आठ दिवस वाट बघायची नाही. लहान असतानाच पिशवीसकट निघते.

जखम भरल्यावर निदान तीन महिने हे सोडू नका. जोडीदाराचंही तसंच तपासा, कारण तोच जंतू त्याच्याही तोंडात असू शकतो. आम्ही बर्फीला तपासलं तेव्हा डाव्या जबड्याखाली ज्वारीएवढं काहीतरी लागलं होतं. चारा बदलला, दर दोन दिवसांनी बघत राहिलो, ते वाढलं नाही आणि महिन्याभरात लागेनासं झालं. बुंदीच्या जबड्याखाली आता बोटाला फक्त एक बारीक शिवणीसारखी रेघ लागते, आणि तिथले केस उलटे, भोवऱ्यासारखे उगवले आहेत.